शिट्टीच्या मागावर सापडलेले प्लाझ्मावरण

पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्माचा शोध अवकाशयानांनी लावला असे सर्रास मानले जाते. परंतु त्या प्लाझ्माचा सर्वांत आतला, थंड आणि दाट भाग, ज्याला प्लाझ्मावरण म्हणतात, तो प्रथम जाणवला तो जमिनीवर बसून कान देणाऱ्यांना. प्लाझ्मा म्हणजे ज्यातील इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेले असतात आणि म्हणून जो विद्युत् व चुंबकीय बलांनुसार वागतो असा वायू. मराठी परिभाषेत त्याला आयनद्रायू असेही नाव आहे.

1924 मध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी इंग्लंडमध्ये रेडिओलहरींच्या परावर्तनावरून सुमारे 100 किलोमीटर उंचीवरील विद्युत्‌वाहक थराचे, म्हणजे आयनांबराचे, अस्तित्व सिद्ध केले. त्या थरांच्या बऱ्याच वर मात्र इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीतच, असे पुढेही दीर्घकाळ गृहीत धरले गेले.

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांना श्रवणयंत्रात उंच स्वरावरून खाली घसरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या आणि 1919 मध्ये त्यांनी त्यांची नोंद प्रसिद्ध केली. या शिट्ट्यांचा उलगडा केला तो केंब्रिज विद्यापीठातील तरुण संशोधक ओवेन स्टोरी यांनी, 1953 मध्ये. वीज कडाडते तेव्हा अनेक कंप्रतांच्या रेडिओलहरी एकाच क्षणी निघतात. त्यांतील काही आयनांबर भेदून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेच्या कडेने दूर अंतराळात चढतात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात, व वाटेतील प्लाझ्मामध्ये उच्च कंप्रतेच्या लहरी पुढे आणि नीच कंप्रतेच्या मागे पडत असल्याने क्षणाचा कडकडाट लांबत जाऊन शिट्टी बनतो. हा विलंब वाटेतील इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असल्याने स्टोरींच्या हाती जणू तराजूच आला, आणि त्यांनी सुमारे 12,000 किलोमीटर उंचीवर दर घनसेंटिमीटरला 400 च्या आसपास इलेक्ट्रॉन असल्याचे अनुमान काढले. अंतराळात एकही उपग्रह नसताना केवळ ध्वनिमुद्रणावरून काढलेले हे अनुमान विसाव्या शतकातील भूभौतिकीच्या अत्यंत देखण्या तर्कांपैकी एक मानले पाहिजे.

हे इलेक्ट्रॉन तेथे कोठून आले, याचे उत्तर हायड्रोजनमध्ये आहे: आयनांबराच्या वरच्या भागात ऑक्सिजनचे आयन आपला विद्युत्‌भार हायड्रोजनच्या अणूंना देतात आणि तयार झालेले हलके आयन बलरेषांच्या वाटेने वर चढून साठत जातात.

हा साठा कोठे संपतो, याचा पुरावा दोन परस्परविरोधी राजकीय गटांतून स्वतंत्रपणे आला. सोव्हिएत संघात कोन्स्टान्टिन ग्रिंगाउझ यांनी 1959 च्या ल्यूना यानांवरील आयनसापळ्यांच्या नोंदींत प्लाझ्माची घनता एका अंतरानंतर झपाट्याने कोसळते असे पाहिले, तर 1963 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डोनाल्ड कार्पेंटर यांनी शिट्ट्यांच्याच आधारे घनतेच्या आलेखातील हे वळण दाखवून त्याला 'गुडघा' म्हटले. या सीमेला पुढे प्लाझ्मासीमा हे नाव मिळाले. ग्रिंगाउझ यांच्या निष्कर्षाकडे आरंभी साशंकतेने पाहिले गेले, तरी शोधाचे श्रेय दोघांनाही देणे हाच न्याय ठरतो, कारण यानांच्या मार्गावर मिळालेल्या मोजक्या नोंदींना शिट्ट्यांनी सातत्याची जोड दिली.

सीमा अशी ठळक असण्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे. आतला प्लाझ्मा पृथ्वीबरोबर फिरतो आणि म्हणून टिकतो. बाहेरचा सौरवाताने, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या झोताने, निर्माण केलेल्या प्रवाहात ओढला जाऊन निसटतो. चुंबकीय वादळ उठले की हा प्रवाह बळावतो, शांत काळात चार-पाच पृथ्वी-त्रिज्यांपर्यंत पसरलेले आवरण काही तासांत आत आक्रसते आणि ते पुन्हा भरण्यास अनेक दिवस लागतात.

हेलियमचे आयन सूर्याचे अतिनील किरण विखुरतात, या गुणाचा उपयोग करून 2000 साली सोडलेल्या 'इमेज' उपग्रहाने हे आवरण बाहेरून टिपले, आणि 2013 च्या अखेरीस चंद्रावर उतरलेल्या चीनच्या 'छांग-अ 3' यानातील कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे थेट चंद्राच्या पृष्ठभागावरून घेतली.