मुलांची फ्लूची लस : पहिल्या वर्षी दुसरा डोस का चुकवू नये?

पावसाळा लागला की ताप-खोकल्याच्या लेकरांनी दवाखाने भरतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी, अशी बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संघटनेची शिफारस आहे. नेहमीच्या मोफत लसीकरणात मात्र ही लस नाही. खिशातून पैसे जातात, त्यामुळे एक डोस झाला की ‘झालं की आता’ असं वाटणं साहजिक आहे. गफलत होते ती तिथंच.

मोठ्या माणसाला एक डोस पुरतो, कारण त्याच्या शरीरानं हा विषाणू आधी कधीतरी पाहिलेला असतो. लहान मुलाला तो नवखा. पहिल्या डोसनं नुसती तोंडओळख होते. किमान चार आठवड्यांनी दुसरा मिळाला की अँटीबॉडी झपाट्यानं वाढतात. म्हणून नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदा लस देताना दोन डोस, पुढे दरवर्षी एक.

इंजेक्शनच्या लशीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. एखादा दिवस अंग गरम होईल, पण तिच्यानं फ्लू होत नाही. तिच्या अँटीबॉडी मुख्यतः रक्तात तयार होतात. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. ती नाकाच्या अस्तरातच पहारा बसवते, म्हणून रक्तात अँटीबॉडी कमी दिसल्या तरी लस वाया गेली असं नाही. दोन वर्षांखालील बाळांना ती देत नाहीत. त्यांच्यात छातीत घरघर वाढल्याचं आढळलं होतं.

एकच लस सगळीकडे सारखी चालते, असंही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली नाकातली लस 2013 मध्ये बांगलादेश आणि सेनेगलमधल्या लहान मुलांना एकेक डोस देऊन तपासली गेली. बांगलादेशात लशीशी जुळणाऱ्या फ्लूपासून सुमारे 58 टक्के संरक्षण मिळालं, सेनेगलमध्ये काहीच नाही. लस तीच, कंपनी तीच!

इंजेक्शनच्या लशीत एमएफ 59 हा तेलकट घटक मिसळला, तर लहानग्यांचं शरीर जास्त जोरानं प्रतिसाद देतं. जर्मनी-फिनलंडमधल्या चाचणीत साध्या लशीचा परिणाम 43 टक्के, तर या लशीचा 86 टक्के निघाला.

सहा महिन्यांखालील बाळाला कुठलीच फ्लूची लस चालत नाही. गरोदरपणात आईनं घेतली, तर तिच्या अँटीबॉडी बाळापर्यंत पोचतात.

दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. ती टळली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही; राहिलेला डोस लवकर द्यावा.