पंधरा वर्षांचा करारनामा

परदेशीं विद्यार्जनास गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हकीकती पुष्कळ लिहिल्या जातात; परंतु त्यांतील बहुतेकींचा आरंभ आगबोटीच्या धक्क्यावर होतो. बोट सुटण्यापूर्वींच्या चार-सहा महिन्यांत घरीं काय घडलें, बापानें कोणत्या कागदावर सही केली, आईनें काय बांधून दिलें, आणि ज्या मुलाला जावयाचें होतें त्यानें या सगळ्याचा स्वतःपुरता काय अर्थ केला, हें लिहिणारास क्षुल्लक वाटतें. वस्तुतः पुढील यशापयशाचें बीं पुष्कळदां याच महिन्यांत पडलेलें असतें. १८७२ च्या उन्हाळ्यांत शांघाय शहरीं अमेरिकेस जाण्याची वाट पाहत बसलेल्या तीस चिनी मुलांची कथा या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

या मुलांस धाडण्याची कल्पना युंग विंग या एका गृहस्थाची. मकावजवळच्या एका खेड्यांत १८२८ सालीं त्याचा जन्म झाला. मिशनरी शाळेंत शिकून तो १८४७ मध्यें अमेरिकेस गेला आणि १८५४ सालीं येल येथील पदवी मिळवून बाहेर पडला. अमेरिकन विद्यालयाचा तो पहिला चिनी पदवीधर होय. आपणांस जें लाभलें तें आपल्या देशांतील पुढच्या पिढीस लाभावें, हा ध्यास घेऊन तो स्वदेशीं परतला. पण दरबारांत त्याची ओळख ना देख. मातृभाषाही तो बरीच विसरला होता. सोळा वर्षें त्यानें धीर धरला. मधल्या काळांत त्सेंग क्वो-फान या थोर मुत्सद्द्यासाठीं त्यानें अमेरिकेंतून यंत्रसामग्री आणून दिली व ती शांघायच्या कियांगनान येथील शस्त्रांच्या कारखान्यांत बसविली गेली. अफूच्या दोन युद्धांतील पराभव आणि तैपिंगांचें चौदा वर्षें चाललेलें बंड यांनीं पोळलेल्या राज्यकर्त्यांस पाश्चात्त्यांचीं यंत्रें हवींशीं वाटूं लागलीं होतीं. यंत्रांच्या मागोमाग तीं जाणणारीं माणसेंही हवींत, हें युंग विंगचें म्हणणें अखेर १८७० मध्यें त्सेंग व त्याचे सहकारी यांनीं मान्य केलें. ती वार्ता कळली त्या रात्रीं आपला डोळ्याला डोळा लागला नाहीं, असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

योजना अशी होती: दरवर्षीं तीस याप्रमाणें चार वर्षांत १२० मुलगे अमेरिकेस पाठवावयाचे. त्यांचें वय साधारण बारा ते पंधरा असावें. त्यांनीं तेथें पंधरा वर्षें राहून लष्करी व आरमारी विद्या, जहाजबांधणी, यंत्रशास्त्र इत्यादि विषय शिकावे. त्यांचें चिनी वळण सुटूं नये म्हणून पंतोजी सोबत जावयाचे. वीस वर्षांच्या खर्चासाठीं शांघायच्या जकातीच्या उत्पन्नांतून १२ लक्ष टेल रुपें तोडून ठेवलें. देखरेखीस दोन आयुक्त नेमले. एक युंग विंग आणि दुसरा चेन लान-पिन हा जुन्या परंपरेंतील पंडित. नव्याजुन्याचा जो झगडा पुढें व्हावयाचा होता, त्याचे दोन्ही पक्ष असे पहिल्या दिवसापासूनच शेजारीं शेजारीं बसविलेले होते.

विद्या फुकट, प्रवास फुकट, अन्नवस्त्र सरकारचें. तरी पहिले तीस मुलगे मिळतां मिळेनात. १८७१ च्या उन्हाळ्यांत युंग विंगला हाँगकाँगला जाऊन तेथील इंग्रजी शाळांतून मुलें गोळा करावीं लागलीं. चार तुकड्यांतील एकंदर विद्यार्थ्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक एकट्या क्वांगतुंग प्रांतांतले निघाले, आणि त्यांतलेही पुष्कळसे युंग विंगच्याच शियांगशान जिल्ह्यांतले. उत्तरेकडील खानदानी घराण्यांनीं या योजनेकडे पाठ फिरविली.

याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. चीनमध्यें मानमरातबाचा रस्ता एकच होता, आणि तो कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरील सरकारी परीक्षांतून जात होता. ज्या वयांत मुलानें ते ग्रंथ मुखोद्गत करावयाचे, त्याच वयांत त्याला समुद्रापार धाडणें म्हणजे त्या रस्त्यावरून त्याला कायमचें उतरविणें होतें. हुशार मुलगा असलेला सुस्थित बाप असा व्यवहार कशाला करील? त्यांत अफवांची भर पडली. ते रानटी लोक मुलांचीं कातडीं जिवंतपणीं सोलून त्यांवर कुत्र्यांचीं कातडीं चढवितील व त्यांचें प्रदर्शन मांडतील, असें लोक बोलत. आज ह्या गोष्टीचें हसूं येतें. पण हसण्यापूर्वीं त्या किनाऱ्याचा अनुभव काय होता तें पाहिलें पाहिजे. त्याच काळीं मकाव बंदरांतून क्यूबा व पेरू या देशांकडे चिनी मजुरांचीं गलबतें भरून जात होतीं. आपल्याकडे गिरमिट म्हणून जो प्रकार कुप्रसिद्ध झाला त्याचाच हा चिनी भाऊबंद. कागदावर अंगठा उठवून गेलेला माणूस परत येत नाहीं, हें तेथील लहानथोरांस ठाऊक होतें. खुद्द युंग विंगवरच पुढें थोड्या काळांत पेरूमधील या मजुरांच्या हालांची चौकशी करण्याची कामगिरी आली.

अशा मुलखांत सरकारनें मुलांच्या बापांपुढें सहीसाठीं जो कागद ठेवला, तो करारनामाच होता. जेम तिएन-यो या अकरा वर्षांच्या मुलाच्या बापानें १८७२ च्या वसंतांत लिहून दिलेल्या करारनाम्याचा मजकूर आज उपलब्ध आहे. अमेरिकेला तिकडील लोक ‘फुलांच्या निशाणाचा देश’ म्हणत. त्या देशांत कलाकौशल्य शिकण्यासाठीं मी आपला मुलगा खुषीनें देत आहें, परत आल्यावर तो सरकार सांगेल ती चाकरी करील, पोट भरण्यासाठीं परदेशांत मागें राहणार नाहीं, आणि आजारपण किंवा मृत्यु ओढवल्यास तो दैवाचा भाग समजला जाईल, असा त्याचा आशय आहे. हा बापही आधीं तयार नव्हताच. तान नांवाच्या एका स्नेह्यानें त्याची समजूत घातली आणि आपली मुलगी याच मुलाला देण्याचा शब्द दिला, तेव्हां कोठें त्याचा हात लेखणीकडे गेला, असें सांगतात. शब्द देणारा तो स्नेही मोठा शहाणा म्हटला पाहिजे. सरकारनें मुलाला कागदानें बांधलें. त्यानें त्याला घरानें बांधलें.

या करारनाम्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं, तें अधिक लक्षांत घेण्याजोगें आहे. देहाला होऊं शकेल असा प्रत्येक अपाय त्यांत गृहीत धरलेला आहे. परंतु अकराव्या वर्षीं गेलेला मुलगा सव्विसाव्या वर्षीं परत येईल तेव्हां त्याचें मन कोणतें झालेलें असेल, याविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. सरकारनें हा प्रश्न बापाला विचारला नाहीं, बापानें सरकारला विचारला नाहीं, आणि मुलाला तर कोणीच कांहीं विचारलें नाहीं.

निवडलेल्या मुलांस प्रथम शांघायच्या पूर्वतयारीच्या शाळेंत ठेवीत. तेथें चिनी व इंग्रजी दोन्ही शिकवीत, आणि छडीचा धाक दोन्ही भाषांना सारखाच असे. दुसऱ्या तुकडींतील ली यान-फू यानें १८८७ मध्यें अमेरिकेंत आपल्या बालपणावर एक लहानसें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत या दिवसांचें वर्णन सांपडतें. अमेरिकेस जातोस काय, असें घरीं विचारल्यावर त्यानें क्षणाचाही विचार न करतां होकार दिला. आईनें मोडता घातला नाहीं. जड अंतःकरणानें ती त्याचे कपडे शिवण्याच्या तयारीस लागली. निघतांना त्यानें गुडघे टेकून चार वेळां जमिनीला डोकें लावलें. आई हंसरा चेहरा ठेवण्याचा यत्न करीत होती, पण तिचे डोळे पाणावलेले त्याला दिसले. तिनें त्याच्या हातीं खर्चापुरते पैसे ठेवले, नीट वागावयास व वारंवार पत्र पाठवावयास सांगितलें. तेव्हां आपणांस त्याचें फारसें कांहीं वाटलें नाहीं, असें तो प्रांजळपणें लिहितो. बारा वर्षांच्या मुलाला बोट, समुद्र व शांघायचे रस्ते यांपुढें आईचे डोळे कसे दिसावे? त्यांचा अर्थ त्याला पुढें परदेशांत बसून लिहितांना लागला.

परीक्षेंत उतरलेल्या मुलांस सरकारी थाटाचे रेशमी झगे मिळत. ते घालून त्यांस शांघायच्या ताओताईसमोर, म्हणजे तेथील मुख्य अधिकाऱ्यासमोर, नेत, व तीं मुलें भुईवर मस्तक टेकून बादशहाच्या कृपेबद्दल आभार मानीत. नंतर अमेरिकन वकिलाची भेट होई. एका पिढीपूर्वीं ज्यांना परके राक्षस म्हणत त्यांच्याकडे पाठवावयाचीं मुलें जुन्या दरबारी रिवाजानें निरोप घेत होतीं, हा देखावा मोठा अर्थपूर्ण खरा. १८७२ च्या ऑगस्टमध्यें पहिली तुकडी निघाली. ती ज्याच्या आधारावर उभी होती तो त्सेंग क्वो-फान त्याच वर्षीं मार्चमध्यें निवर्तला होता. या योजनेची फळें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

युंग विंग एक महिना आधीं पुढें गेला होता. कनेक्टिकटमधील शिक्षणाधिकारी व येलचे अध्यक्ष यांचा सल्ला घेऊन त्यानें मुलांस एका मोठ्या वसतिगृहांत कोंडण्याऐवजीं दोन-दोन, चार-चार अशीं हार्टफोर्ड व स्प्रिंगफील्डच्या आसपासच्या कुटुंबांत ठेवण्याचें ठरविलें. भाषा लवकर यावी, एवढाच त्यांत हेतु होता. पण घर भाषेबरोबर आणखीही पुष्कळ शिकवितें. ली यान-फूला न्यावयास आलेल्या बाईनें त्याला पोटाशीं धरून त्याचा मुका घेतला. बरोबरचीं मुलें हंसूं लागलीं, तो ओशाळून गेला. तान्हेपणानंतर कोणीं घेतलेला तो आपला पहिला मुका, असें त्यानें लिहिलें आहे. इकडे शांघायला ताओताईपुढें टेकलेलें मस्तक आणि तिकडे हें पोटाशीं धरणें, यांच्यामध्यें थोड्याच आठवड्यांचें अंतर होतें. करारनाम्यांतील कोणतें कलम या प्रसंगास लागू पडलें असतें?

पुढें जें व्हावयाचें तें झालें. मुलगे इंग्रजी बोलूं लागले, चेंडूफळी खेळूं लागले, कांहीं चर्चमध्यें जाऊं लागले, कांहींनीं वेणी कापून टाकली. पेकिंगला कागाळ्या जाऊं लागल्या: मुलें वडीलधाऱ्यांचा मान ठेवीत नाहींत, कन्फ्यूशियसचे ग्रंथ विसरलीं, परत आलीं तरी देशाच्या कामाचीं नाहींत. त्याच सुमारास अमेरिकन सरकारनें या मुलांस आपल्या लष्करी व आरमारी विद्यालयांत घेण्याचें नाकारलें, आणि कॅलिफोर्नियांत चिनी मजुरांविरुद्ध ओरड माजली. ज्या विद्येसाठीं एवढा खटाटोप केला तीच मिळेना, हें दिसल्यावर दरबारांतील उरलासुरला पाठिंबाही गेला. १८८१ सालीं सर्व विद्यार्थ्यांस परत येण्याचा हुकूम सुटला. तोंवर पदवी घेऊन बाहेर पडलेले दोघेच होते. करार पंधरा वर्षांचा होता. बापांनीं आपली बाजू पाळली, सरकारनें मात्र पहिल्या तुकडीच्या बाबतींत तो नवव्या वर्षींच मोडला.

ज्या शांघायनें त्यांस रेशमी झग्यांत निरोप दिला होता, त्याच शांघायला तीं मुलें पुन्हा उतरलीं. या खेपेस त्यांस पहाऱ्यांत ताओताईच्या कचेरीमागील एका ओलसर इमारतींत नेऊन कांहीं दिवस कोंडून ठेवलें. मग ज्याला जी चाकरी नेमून दिली ती त्यानें करावी, अशी वांटणी झाली. ली यान-फूला ती मानवली नाहीं. तो पळून अमेरिकेस परत गेला व येलचा पदवीधर झाला. पण बहुतेक जण राहिले. १८८४ मध्यें फूचाऊच्या बंदरांत फ्रेंचांशीं लढतांना त्यांच्यांतील कांहीं जण धारातीर्थीं पडले. ज्यांच्या स्वदेशनिष्ठेची शंका घेऊन त्यांस माघारीं आणलें, त्यांनीं दिलेला हा जबाब होता.

उरलेल्यांचा जबाब अधिक सावकाश आला. जेम तिएन-यो यानें पेकिंग ते कालगान हा डोंगराळ मुलखांतील आगगाडीचा मार्ग १९०५ ते १९०९ या काळांत परकीय इंजिनियरांवांचून बांधून दाखविला. त्यापूर्वीं, १८८७ मध्यें, तानच्या मुलीशीं त्याचा विवाह झालेला होता. तांग शाओ-यी १९१२ मध्यें चिनी प्रजासत्ताकाचा पहिला प्रधानमंत्री झाला. लिआंग चेंग यानें वॉशिंग्टनला वकील असतांना बॉक्सर बंडाच्या खंडणींतील जादा रक्कम अमेरिकेनें परत करावी म्हणून खटपट केली. त्या पैशांतून १९११ सालीं पेकिंगजवळ त्सिंगह्वा ही शाळा निघाली. मुलांस अमेरिकेस जाण्यासाठीं तयार करणें हेंच तिचें काम. १९१२ मध्यें तांग क्वो-आन तिचा अध्यक्ष झाला. १८७३ सालीं तो स्वतः शांघायच्या शाळेंतून निघालेल्या दुसऱ्या तुकडींतला विद्यार्थी होता.

युंग विंगची योजना फसली कीं साधली, याचा निवाडा इतिहासकारांनीं आपापल्या मतीप्रमाणें केला आहे. आमच्या मतें तिच्यांतील दोष अमेरिकेंत उत्पन्न झाला नाहीं. तो त्या उन्हाळ्यांतील कागदांतच होता. राज्यकर्त्यांस हात शिकलेले हवे होते आणि मन जसेंच्या तसें परत हवें होतें. बापांस मुलगा जिवंत परत यावा, एवढीच आशा होती. मुलांस समुद्र पाहावयाचा होता. तिघांनीं एकाच प्रवासास तीन निरनिराळे अर्थ दिले, आणि बोट सुटेपर्यंत कोणीही आपला अर्थ दुसऱ्यास उघड सांगितला नाहीं. मुलगा बदलून येणार, हें जर तेव्हांच मोकळेपणीं कबूल केलें असतें, तर नऊ वर्षांनीं त्या बदलाचा एवढा धसका कोणीं घेतला नसता.

परदेशीं मुलगा अगर मुलगी धाडणाऱ्या आपल्याकडील घरांसही यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तिकीट, कपडे, पैसा व प्रकृति यांचा विचार प्रत्येक घर करतेंच, आणि तो केलाही पाहिजे. पण जाणारें मूल जसें जात आहे तसेंच परत येणार नाहीं, हें मनाशीं कबूल करून, तें बदलून आलें तरी या घरांत त्याची जागा राहील, असा शब्द निघण्यापूर्वीं त्याला कोणीं तरी दिला पाहिजे. शांघायच्या त्या उन्हाळ्यांत सरकारच्या दप्तरीं या शब्दाला स्थान नव्हतें. तो दिला असला तर तो, पुढच्या सगळ्या गोष्टी ठाऊक नसतांनाही आपली मुलगी देऊं करणाऱ्या त्या एका स्नेह्यानेंच दिला, असें म्हणावें लागतें.