फिलाडेल्फियातली धडधड

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन लष्करी रुग्णालयात काही सैनिक पुन्हा पुन्हा एकाच तक्रारी घेऊन येत. छाती धडधडते, डाव्या बाजूला कळ येते, थोडं चाललं तरी धाप लागते, गरगरतं, रात्री झोप नाही, पोट बिघडलेलं. नाडी भरधाव, पण छाती कितीही तपासली तरी हृदयात दोष सापडत नसे. अशा माणसाला कामचुकार ठरवून पलटणीत परत धाडणं लष्कराला सोपं होतं. जेकब मेंडेस डा कोस्टा या डॉक्टरने तसं केलं नाही. तो त्यांच्या तक्रारी लिहून घेत राहिला आणि १८७१ साली त्याने तीनशे सैनिकांच्या अनुभवावर निबंध छापला. आजाराला त्याने ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. दोष त्याने ताप, जुलाब आणि लांबलांब कूच यांना दिला.

निरीक्षण पक्कं होतं, पण ते हृदयाच्या खात्यावर जमा झालं. तिथून ते काढायला पुढची सत्तर वर्षं गेली.

इंग्लंडमध्येही हाच शोध चालू होता, आणि तिथे गुन्हेगार ठरला गणवेश. आर्थर मायर्स या लष्करी शल्यविशारदाने १८७० साली सैनिकांच्या हृदयविकारांवर पुस्तक लिहून गळ्याशी आवळलेला कोट आणि छातीवरून जाणारे पट्टे यांच्यावर ठपका ठेवला. पुढे सामान वाहण्याची पद्धत बदलली, छाती मोकळी झाली. आजार मात्र गेला नाही. पहिल्या महायुद्धात तो हजारोंनी उगवला, आणि ब्रिटिश लष्कराच्या कागदांवर ‘हृदयाचं बिघडलेलं कार्य’ अशा अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरं सर्रास दिसत.

डा कोस्टाचा निबंध छापला गेला त्याच सुमारास, रणांगणापासून दूर, भीती ओळखण्याचं काम शहरांत सुरू झालं होतं. बर्लिनचा मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल याने १८७१ साली मोकळा चौक ओलांडताना जीव घाबरा होणाऱ्या तीन पुरुषांची हकिगत लिहिली. सोबतीला कुणी असेल, तर त्यांना तोच चौक सोपा जाई. १८९५ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडने ‘चिंता-मनोविकृती’ वेगळी काढली. तोवर अशी माणसं ‘मज्जातंतूंचा थकवा’ या ऐसपैस नावाखाली कोंबली जात. त्याच्या निबंधातली एक बाई कुणालाही ओळखीची वाटेल: सर्दी झालेला नवरा खोकला की तिला न्यूमोनिया आठवतो आणि त्याची अंत्ययात्राच डोळ्यांपुढून जाते. अकारण येणारे झटके, घाम, थरथर, धाप, जुलाब, रात्री दचकून उठणं, हेही त्याने टिपलं. कारण शोधताना तो सगळं कामजीवनातल्या बिघाडाकडे घेऊन गेला, ते टिकलं नाही. लक्षणांची यादी टिकली.

गंमत अशी, की फ्रॉइडची यादी आणि डा कोस्टाची यादी शेजारी ठेवली तर बरीचशी जुळते. पण एक मनाच्या डॉक्टरांच्या कपाटात होती, दुसरी हृदयाच्या.

हृदयवाल्यांपैकी ब्रिटिश डॉक्टर टॉमस लुईस पहिल्या महायुद्धात बराच जवळ पोचला. आधी हॅम्पस्टेड आणि मग कोल्चेस्टरच्या लष्करी रुग्णालयात त्याने या सैनिकांना खाटेवरून उठवलं, चढत्या क्रमाने कवायत करायला लावली. ‘तुझं हृदय कमकुवत आहे’ असं सांगितल्यानेच माणूस आणखी खचतो, हे त्याला कळलं होतं. तरी १९१८ मध्ये त्याने आजाराला नाव दिलं ते श्रमावरूनच.

शेवटची गाठ सोडवली पॉल वुडने. हा हृदयरोगतज्ज्ञ जन्मला निलगिरीतल्या कुन्नूरला, शिकला मेलबर्नला. दुसऱ्या महायुद्धात लंडनजवळच्या मिल हिलला त्याने असे सैनिक तपासले आणि १९४१ मध्ये स्वच्छ लिहिलं, की यांची लक्षणं श्रमाने दमलेल्या माणसासारखी नाहीत, भ्यालेल्या माणसासारखी आहेत. धडधडीने भीती वाढते, भीतीने धडधड. आणि अतिसावध डॉक्टर त्यात भर घालतो. आपल्याच पेशाकडे बोट दाखवणारं हे शेवटचं निदान त्याच्या सहकाऱ्यांना फारसं रुचलं नसावं.

चिंतेच्या आतही दोन वेगळे प्रकार आहेत, हे दिसायला मात्र एका औषधाची आणि परिचारिकांची मदत लागली. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन १९५९ पासून इमिप्रामिन हे नवं औषध देऊन पाहत होता. एक रुग्ण दिवसातून अनेकदा परिचारिकांकडे धावत येई: मी मरतोय! काही आठवड्यांच्या औषधानंतर तो म्हणाला, काही फरक नाही. परिचारिका म्हणाल्या, आहे की, हल्ली तो धावत येत नाही. झटके थांबले होते. पुढचा झटका येईल ही धास्ती तशीच होती.

१९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तकात जुनी चिंता-मनोविकृती दुभागली. अचानक येणारे झटके एकीकडे, सततची काळजी दुसरीकडे. काळजी निदान महिनाभर टिकली, तर तिला आजार म्हणायचं ठरलं. १९८७ च्या आवृत्तीत ही मुदत सहा महिने झाली, आणि दोन-चार महिने काळजीने पोखरलेल्या माणसाला त्या पुस्तकातलं हे नाव मिळेनासं झालं.