बीसीएए, ईएए, क्रिएटिन, बीटा-अॅलानिन: कोणतं अमिनो सप्लिमेंट कशासाठी?

भरतीची तयारी करणारी मुलं असोत, तालमीतले पैलवान असोत की जिमला जाणारे नोकरदार, सप्लिमेंटच्या दुकानात सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: यातला डबा नेमका कोणता घ्यायचा? 'अमिनो' हा शब्द बऱ्याच डब्यांवर असतो, पण आतल्या पावडरीचं काम वेगवेगळं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं ताट समोर ठेवून त्यांची तुलना करू.

आधी बेसिक

आपली प्रथिनं 20 अमिनो अॅसिडपासून बनतात. त्यातली 9 शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. यांना आवश्यक अमिनो अॅसिड म्हणतात. स्नायू बांधताना या नऊपैकी एक जरी कमी पडलं, तरी काम तिथेच अडतं. प्रोग्रामरच्या भाषेत, एक डिपेंडन्सी मिळाली नाही की बिल्ड फेल.

बीसीएए: असलेलंच पुन्हा

बीसीएए म्हणजे नऊपैकी फक्त तीन: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, बहुतेक वेळा 2:1:1 प्रमाणात. यातलं ल्युसिन स्नायूबांधणीचा स्विच ऑन करतं, हे खरं आहे. पण बाकीची सहा नसतील तर गवंडी हजर आणि विटा नाहीत, अशी गत होते. व्यायामानंतरचं अंग दुखणं थोडं कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे. ताकद किंवा वेग वाढल्याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

आता आपलं ताट बघा. जामखेड, कर्जत, पारनेरकडचं मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन मुळातच भरपूर असतं, कमी असतं ते लायसिन. दिवसाला चार भाकऱ्या, म्हणजे साधारण 300 ग्रॅम पीठ धरलं, तर ल्युसिन साडेतीन ग्रॅमच्या आसपास मिळतं आणि लायसिन पाऊण ग्रॅमच्या आत. 60 किलोच्या माणसाची किमान रोजची गरज अंदाजे 2.3 ग्रॅम ल्युसिन आणि 1.8 ग्रॅम लायसिन इतकी आहे. म्हणजे बीसीएएचा डबा जे ताटात आधीच आहे तेच वाढवतो, आणि जे कमी आहे ते देतच नाही.

ही उणीव दूध आणि डाळ भरून काढतात. अर्धा लिटर गाईच्या दुधात साधारण 16 ग्रॅम प्रथिनं आणि सव्वा ग्रॅमच्या पुढे लायसिन असतं. दुधाच्या या जिल्ह्यात ते शोधत फिरावं लागत नाही.

ईएए आणि व्हे

ईएएमध्ये नऊच्या नऊ असतात, त्यामुळे बीसीएएपेक्षा ते केव्हाही बरं. पण व्हे प्रोटीन, दूध, अंडी यांतही ती नऊ असतातच. दिवसभरात पुरेसं प्रोटीन जात असेल, तर वेगळ्या ईएएने फारसा फरक पडत नाही.

क्रिएटिन

हे प्रथिनात वापरलं जाणारं अमिनो अॅसिड नाही. शरीर ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो अॅसिडपासून बनवतं. कमी वेळाच्या जोरदार कामासाठी सगळ्यात भक्कम पुरावा याचाच आहे. डोस रोज 3 ते 5 ग्रॅम. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत साठा कमी असल्याने त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. पाणी धरल्यामुळे वजन किलोभर वाढू शकतं, तेव्हा वजनगटात खेळणाऱ्या पैलवानाने हे लक्षात ठेवावं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बीटा-अॅलानिन

यातून स्नायूंमधलं कार्नोसिन वाढतं आणि जोराच्या श्रमात तयार होणारी आम्लता सोसायला मदत होते. साधारण 1 ते 10 मिनिटांच्या प्रयत्नात थोडा फायदा दिसतो. रोज 3.2 ते 6.4 ग्रॅम, तेही विभागून, किमान चार आठवडे घ्यावं लागतं. भरतीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग शून्य. अंगाला मुंग्या येतात, त्या तात्पुरत्या असतात.

सिट्रुलिन आणि ग्लुटामिन

सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलं. त्याने रक्तप्रवाह सुधारतो असं मानतात, पण प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत. ग्लुटामिन शरीर स्वतः बनवतं. निरोगी माणसाच्या स्नायूंना त्याचा वेगळा फायदा दिसलेला नाही.

तुमच्या खेळाला काय?

- 100 मीटर आणि गोळाफेक: क्रिएटिन.
- 1600 मीटर धावणे: बीटा-अॅलानिनचा थोडा फायदा होऊ शकतो. क्रिएटिनचं वाढलेलं वजन इथे आड येऊ शकतं.
- मॅटवरची कुस्ती (3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या): दोन्ही, पण वजनगट सांभाळून.
- नुसती जिम: आधी दिवसाचं प्रोटीन पूर्ण करा.

लेबल वाचताना

प्रयोगशाळेत प्रोटीन बऱ्याचदा नायट्रोजन मोजून ठरवतात. मग स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं की आकडा फुगतो. याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. 2024 मध्ये भारतातल्या 36 प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. म्हणून प्रत्येक घटकाचे ग्रॅम वेगवेगळे छापलेत का ते बघा आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक तपासा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: डब्यात बंदी असलेला पदार्थ निघाला, तर डोपिंगची जबाबदारी खेळाडूवरच येते.

थोडक्यात, आधी भाकरीला डाळ-दुधाची जोड द्या. त्यानंतर पैसे उरले तर क्रिएटिन, मग गरज असेल तर बीटा-अॅलानिन. बीसीएएचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तिथवर जायची गरजच पडत नाही.