जुन्या पर्यटन बोटीचं इंजिन उतरवायचंय? आधी हे तपासा, मग पाना लावा

मालवण, देवबाग, तारकर्ली भागातल्या पर्यटन बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनाची कामं निघतात. सगळ्यांना घाई सारखीच असते. हंगाम सुरू व्हायच्या आत बोट तयार पाहिजे, कारण अनेक घरांचा हप्ता तिच्यावर चालतो. पण प्रश्न पैशाचा एकटा नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे भर ओहोटीला इंजिन बंद पडलं तर माणसं भरलेली बोट लाटांच्या तोंडाला जाते. म्हणून जुन्या बोटीचं डिझेल इंजिन कधी काढायचं, कसं काढायचं आणि परत कसं बसवायचं, याची ही माहिती. बोटीच्या मागे अडकवलेल्या आउटबोर्ड मशीनची गोष्ट वेगळी. इथे सांगतोय ते बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनाबद्दल.

काढायची खरंच गरज आहे का?

ट्रॅक्टरचं इंजिन उघडायला झाडाची फांदी आणि चेनकुप्पी पुरते. बोटीत तसं नसतं. वरची फळी, छत, कधी सीटसुद्धा काढावी लागते. म्हणून आधी निदान करा.

- काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. पंख्याला आणि तळाला शिंपले-शेवाळ धरलं असेल तरी इंजिनावर ताण येऊन काळा धूर येतो. तळ घासून बघा.
- निळा धूर : इंजिन ऑइल जाळतंय. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत.
- थांबूनही न जाणारा पांढरा धूर : डिझेल नीट जळत नाही, किंवा सिलिंडरमध्ये पाणी जातंय.
- पट्टीवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं : ऑइलमध्ये पाणी गेलंय. इंजिन चालू करू नका.

इंजिन नुसतं तापत असेल तर ते बहुतेक वेळा जागेवरच सुटतं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, पाण्याची जाळी आणि हीट एक्स्चेंजर या तीन गोष्टी आधी उघडा. नोझल, डिझेल पंप, हेड, स्टार्टर हेसुद्धा इंजिन जागेवर ठेवून काढता येतं. क्रँक, मेन बेअरिंग यांचं काम असेल, किंवा इंजिनाखालचं फाउंडेशनच कुजलं असेल, तर मात्र उतरवायलाच हवं.

उतरवण्याचा क्रम

पहिलं काम मोबाइलचं. चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायर, नळी, केबलला चिकटपट्टी लावून नंबर टाका. दोन महिन्यांनी कोणती वायर कुठली ते कुणालाच आठवत नाही.

मग बॅटरीची आधी मायनस, नंतर प्लस वायर सोडा. डिझेलचा कॉक बंद करा. बोट पाण्यात असेल तर समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद झालाय याची खात्री केल्याशिवाय एकही नळी सोडू नका. ऑइल आणि कूलंट डब्यात काढा, खाडीत सोडू नका. नंतर पाण्याच्या नळ्या, सायलेन्सरचा पाइप, डिझेलच्या नळ्या, गिअर-थ्रॉटलच्या केबल आणि शेवटी शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट. कपलिंग सुटल्यावर शाफ्ट मागे सरकणार नाही असा बांधून ठेवा.

फाउंडेशनचे नट सोडण्याआधी प्रत्येक रबरी पायाची उंची मोजून वहीत लिहा. खाली पत्र्याच्या पट्ट्या असतील तर कुठल्या पायाखाली किती, तेही लिहा. बसवताना हीच वही उपयोगी पडते.

चार सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट चारशे-पाचशे किलोपर्यंत भरू शकतं. अल्टरनेटर, स्टार्टर आधी काढून वजन कमी करा. किमान एक टनाची चेनकुप्पी आणि चार पायांचा मजबूत घोडा घ्या. छताच्या पाइपाला कुप्पी अडकवायची नाही, तो पाइप सावलीसाठी असतो. दोर इंजिनाच्या उचलायच्या कड्यांनाच लावा आणि लटकत्या इंजिनाखाली कुणीही हात घालू नका.

बोटीला दोन इंजिनं असतील तर डावं-उजवं नाव रंगानं लिहा. अशा बहुतेक बोटींत दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. पंखे किंवा गिअरबॉक्स अदलाबदल झाले तर बोट धड चालणार नाही. बोट पाण्यात असताना एकच इंजिन काढलं तर ती एका कुशीला कलते, दुसऱ्या बाजूला वाळूच्या गोणी ठेवा.

रिकामा खण वाया घालवू नका

इंजिन निघालं की जी जागा वर्षानुवर्षं दिसली नाही ती दिसते. इंजिन ज्या लाकडी तुळयांवर बसतं त्यांच्यावर फायबरचा थर असतो. वरून चकचकीत, आतून कुजकं, असं जुन्या बोटीत असतं. छोट्या हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर फायबर उघडून लाकूड बदला. कुजक्या तुळईवर नवं इंजिन बसवून उपयोग नाही, बोल्ट हलतात आणि शाफ्ट वाकडा चालतो. डिझेल टाकीचा तळ, पाण्याचे व्हॉल्व्ह, होजच्या क्लिपा आणि साचलेलं पाणी उपसणारा पंप याच वेळी बघून घ्या.

दुरुस्ती करताना

गॅरेजवाला हाफ इंजिन करो की फुल, बोटीच्या इंजिनात एक काम जादा असतं, ते खाऱ्या पाण्याचं. हीट एक्स्चेंजरच्या नळ्या आतून साफ करून प्रेशरवर तपासून घ्या. त्यातला झिंकचा तुकडा अर्धा झिजला असेल तर बदला. झिंक आधी गंजतं म्हणून बाकीचं वाचतं. ज्या इंजिनात समुद्राचं पाणी धुरात मिसळून बाहेर जातं, तिथला बाक पाइप खोलून बघा. मिठानं आणि काजळीनं तो आतून बुजतो. तो फुटला तर पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरतं आणि नुकतंच केलेलं इंजिन जातं.

इंजिन समुद्राच्या पाण्यात बुडालं असेल तर स्टार्टर मारू नका. नोझल काढा, हातानं फिरवून पाणी बाहेर काढा, गोड्या पाण्यानं धुवा, ताजं ऑइल घाला आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे द्या. उशीर झाला की गंज धरतो.

बसवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इंजिन मस्त झालं, पण गिअरबॉक्सचं कपलिंग आणि शाफ्टचं कपलिंग सरळ रेषेत नसलं तर थरथर सुटते, ग्लँड गळते, बेअरिंग जातं.

दोन्ही कपलिंग जवळ आणा, बोल्ट न आवळता फिलर गेजनं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. चार इंची कपलिंगला या फटींत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पायांचे नट वर-खाली करून फरक काढा.

हे काम बोट किनाऱ्यावर असताना करून संपवू नका. जमिनीवर ठेवलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो. किनाऱ्यावर जुळवणी अंदाजे करा, बोट पाण्यात एक-दोन दिवस राहू द्या आणि मग पुन्हा मोजून शेवटची जुळवणी करा. मेकॅनिकला हे काम ठरवतानाच सांगा, नाहीतर तो पैसे घेऊन जातो आणि मोजमाप राहतं.

पाण्यात उतरल्यावर

दोरीच्या पॅकिंगची ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळणं योग्य. पूर्ण आवळून कोरडी केली तर ती तापते आणि शाफ्टला चर पडतात. पहिली चाचणी प्रवाशांशिवाय, किनाऱ्याजवळ आणि सोबत दुसरी बोट ठेवून करा. सायलेन्सरमधून पाणी येतंय का, ऑइल प्रेशर आणि तापमान किती, हे लिहून ठेवा. फुल इंजिन केलं असेल तर सुरुवातीच्या ५० तासांनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, पायांचे नटही पुन्हा तपासा.

कागद

इंजिन नुसतं दुरुस्त केलं तर बिलं जपून ठेवा. पण दुसरं इंजिन टाकलं किंवा हॉर्सपॉवर बदलली, तर इंजिन नंबरची नोंद बदलून घ्या आणि सर्व्हे करून घ्या. त्यासाठी आपल्या भागातल्या बंदर कार्यालयात काम सुरू करण्याआधीच विचारा. कागदावर एक इंजिन आणि बोटीत दुसरं असेल, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.