गौण विषय आणि मुख्य प्रश्न : धाराशिव जिल्ह्याचा वृत्तव्यवहार व संज्ञापनाचे अध्ययन

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी-अभ्यासक्रमाची जी श्रेयांक-चौकट प्रसृत केली, तीत तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी किमान २४ श्रेयांक गौण विषयासाठी राखून ठेवले आहेत. इतिहास, मराठी अथवा राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास संज्ञापन व माध्यमे हा विषय जोडीला घेण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. परंतु हा विषय कशासाठी शिकावयाचा, या प्रश्नाचे उत्तर श्रेयांकांच्या कोष्टकात सापडणार नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या इतिहासात ते शोधणे अधिक फलदायी ठरेल असे आम्हांस वाटते.

प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की, मराठी वृत्तपत्रसृष्टीत पत्रकारिता हा दीर्घकाळ जोडविषयच होता. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गातील आद्य मराठी विद्वान. ‘केसरी’ १८८१ साली निघाला तो न्यू इंग्लिश स्कूलच्या अध्यापकांच्या हातून. पत्रकारितेचे स्वतंत्र अध्यापन पुष्कळ उशिरा आले : नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली, हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात १९५४ साली आणि पुणे विद्यापीठात १९६४ साली. यांपैकी उस्मानियाचा विभाग स्थापन झाला तेव्हा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी अस्तित्वात आले. तेव्हा ‘गौण’ या शब्दाने कोणी बिचकून जाण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो आशयाचा.

या जिल्ह्याच्या वृत्तव्यवहारास दोन राजवटींच्या सरहद्दीने वळण दिले. बार्शी व सोलापूर ही गावे इंग्रजी मुलखात, तर धाराशिव, तुळजापूर व उमरगा निजामाच्या अमलाखाली. राज्यकारभाराची व १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभांना पूर्वपरवानगीची अट घातली. जेथे सभेस मज्जाव आणि छापखान्यावर पहारा, तेथे शाळा, ग्रंथालय, कीर्तन व उत्सव हीच विचारप्रसाराची साधने होतात. १९२१ साली स्थापन झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा याचे ठळक उदाहरण होय. तेथे अध्यापन करणारे व्यंकटेश खेडगीकर हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने राज्यव्यापी लढ्याचे नेते झाले.

छापील शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. बंदी येताच नाव बदलून तेच पत्र पुन्हा वाचकांपुढे आणावयाचे, असा क्रम त्यांनी चालविला. नाव बदलले तरी वाचक आपले पत्र ओळखीत असे. वृत्तपत्राचे बळ त्याच्या शीर्षकात नसून वाचकाच्या विश्वासात असते, हा सिद्धान्त कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी या प्रदेशाने अनुभवाने जाणला होता. त्याची किंमतही जबर होती. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. ते भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत. हा लढा केवळ दोन धर्मांचा वा दोन भाषांचा नव्हता, याची ती साक्ष आहे.

तथापि इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणारे नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापुराकडून नळदुर्गमार्गे आत शिरले व १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपुष्टात आली. रझाकारांच्या अत्याचारांची वार्ता तोपर्यंत देशभर पोहोचली होती. त्यानंतर मुस्लिम रहिवाशांवर जो हिंसाचार झाला त्याची वार्ता मात्र तशी पोहोचली नाही. चौकशीस पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली. मृतांचा समितीचा एकंदर अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. निजामाने लादलेले मौन आपण अन्याय म्हणून शिकवितो. स्वराज्यात पाळले गेलेले मौनही त्याच मापाने मोजले पाहिजे. काय छापले गेले याइतकाच काय छापले गेले नाही, हाही संज्ञापनशास्त्राचा विषय आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने याच प्रश्नाचे तिसरे रूप पुढे आणले. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूरसारखी गावे या जिल्ह्यातील. गणेशविसर्जन आटोपून निजलेली हजारो माणसे गाडली गेली, आणि काही तासांत ही वार्ता जगभर पसरली. मदतीचा ओघ सुरू झाला तो या वार्तेमुळेच. याच जिल्ह्याला वारंवार ग्रासणारे अवर्षण मात्र एका रात्रीत येत नाही, म्हणून त्याला ठळक मथळा क्वचितच मिळतो. आकस्मिक आपत्ती बातमी ठरते आणि सावकाश आलेली आपत्ती आकडेवारीत विरून जाते. या भेदाचा परिणाम मदतीच्या वाटपावर होतो, म्हणून तो केवळ शैलीचा प्रश्न नव्हे.

या तीन प्रकरणांवरून गौण विषयाचे प्रयोजन स्पष्ट व्हावे. कॅमेरा चालविणे, वृत्तलेख रचणे, ध्वनिमुद्रण करणे ही कौशल्ये अवश्य शिकवावीत, परंतु चोवीस श्रेयांक तेवढ्यातच संपले तर विद्यार्थ्याच्या हाती अर्धवट व्यवसाय येईल आणि विद्या येणार नाही. उलट, इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या साप्ताहिकांचे अंक व सरकारी अहवाल समोरासमोर ठेवून वाचले, वृद्धांच्या मुलाखती नोंदविल्या, एखाद्या गावी वार्ता कोणत्या वाटेने पोहोचते याचा आराखडा केला, तर मुख्य विषयास गौण विषयाची खरी जोड मिळेल. भूम-परांड्याच्या विद्यार्थ्यास अशा कामासाठी दूर जावे लागणार नाही, कारण सामग्री त्याच्या तालुक्यातच आहे. ती ज्यांच्या स्मरणात आहे ती पिढी मात्र वेगाने सरत आहे. अभ्यासक्रम-समित्यांनी प्रथम विचारात घ्यावयाची बाब हीच होय.