साक्ष आणि शंका : ‘द टर्न ऑफ द स्क्रू’च्या वाचनाचा इतिहास

ज्या मानसशास्त्रीय रहस्यकथेत सारी हकीकत एकाच निवेदकाच्या तोंडून कळते, तिच्या वाचकाला त्या निवेदकाच्या साक्षीचे मोल ठरवावेच लागते. हे मोल कालपरत्वे कसे पालटते, याचे उद्बोधक उदाहरण म्हणजे हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा होय. १८९८ मध्ये ती ‘कोलियर्स वीकली’ या अमेरिकन साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

ब्लाय येथील एकाकी वाड्यात दोन पोरक्या भावंडांचा सांभाळ करणाऱ्या तरुण गव्हर्नेसला क्विंट हा नोकर व पूर्वीची गव्हर्नेस मिस जेसेल या दोघा मृतांचे दर्शन घडते. अखेरीस माइल्स हा मुलगा तिच्या मिठीतच प्राण सोडतो. हे सर्व तिनेच पुढे लिहून ठेवलेल्या हस्तलिखितावरून कळते. दुसरा साक्षीदार नाही.

प्रारंभीच्या वाचकांनी ही कथा बहुतांशी भूतकथा म्हणूनच स्वीकारली. लंडनमध्ये १८८२ साली अतींद्रिय अनुभवांच्या संशोधनार्थ संस्था स्थापन झाली होती. असे अनुभव सुशिक्षितांच्या गंभीर चर्चेचा विषय होते. पुढे फ्रॉइडप्रणीत मानसशास्त्राचा प्रसार झाला आणि दृष्टी पालटली. १९२४ मध्ये एडना केंटन यांनी ही भुते गव्हर्नेसच्या क्षुब्ध मनाची निर्मिती असल्याचे सुचविले. १९३४ मध्ये एडमंड विल्सन यांनी तिच्या दमित वासनांच्या आधारे हेच मत विस्ताराने मांडले. या वाचनाने माइल्सच्या मृत्यूचा दोष पिशाचावरून रक्षणकर्तीवरच आला. आरोप गंभीर होता. म्हणून त्याला पुरावा मागितला जाणे स्वाभाविकच होते.

१९४७ मध्ये वॉल्डॉक यांनी नेमका प्रश्न विचारला : क्विंटविषयी काहीही न ऐकलेल्या स्त्रीने त्याचे वर्णन इतके बिनचूक कसे केले, की घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ग्रोसने त्याला तत्काळ ओळखावे? १९५७ मध्ये जॉन सिल्व्हर यांनी संहितेतूनच उत्तर शोधले : त्या अनोळखी पुरुषाविषयी गावात खात्री करून घेतल्याचे गव्हर्नेस स्वतःच ओझरते सांगते. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. वाद मात्र तिच्याहून जुना होता.

वस्तुतः या वादाचे एक सूत्र जेम्स यांच्या १९०८ च्या प्रस्तावनेत आढळते. गव्हर्नेसने विलक्षण घटनांची नोंद स्वच्छपणे ठेवली आहे. तिने त्यांचे दिलेले स्पष्टीकरण ही निराळी गोष्ट, असा भेद त्यांनी केला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. बखरकाराने काय घडले म्हणून लिहिले आणि ते का घडले म्हणून सांगितले, या दोहोंचे मोल तो वेगवेगळे करतो.

तात्पर्य, निवेदकाचा शब्द जसाच्या तसा प्रमाण मानता येत नाही, हे खरे; तथापि तो शब्द नाकारण्यासाठी केवळ एखादा मानसशास्त्रीय सिद्धांतही पुरेसा ठरत नाही. वॉल्डॉक आणि सिल्व्हर यांची मते परस्परविरुद्ध असली, तरी दोघेही निर्णयासाठी संहितेकडेच वळले. विश्वासाप्रमाणे शंकेलाही पुरावा लागतो.